चिंधीची बाहुली आणि मुलाचे मन



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठावर राजकारण, धर्म, इतिहास, विज्ञान असे मोठमोठे विषय आले. आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाने आज पगार, बोनस किंवा टाळेबंदी यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र बाहुलीवर बोलणार आहोत. कापडाची, कापूस भरलेली, कुशीत घेता येईल अशी बाहुली, अस्वल, हत्ती किंवा ससा, हा आजचा विषय. विषय पोरकट वाटेल. पण या बाहुलीचा आणि कामगाराच्या घराचा संबंध फार जवळचा आहे.

आपल्या घरांतली रोजची स्थिती पाहा. बाप पहाटेची विरार लोकल गाठतो, तेव्हा मूल झोपेत असते; तो परततो, तेव्हाही मूल झोपलेलेच असते. कुणाचा बाप होडीवर असतो. आई वाडीत, बाजारात किंवा वसई पूर्वेच्या गाळ्यांत कामाला जाते. मूल आजीपाशी, शेजारी किंवा नुसते मोबाइलसमोर. त्याला दिवसभरात राग येतो, हेवा वाटतो, भीती वाटते, ते हिरमुसते, ओशाळते. आपल्या मायमराठीत या एकेका भावनेला स्वतंत्र शब्द आहे. राग वेगळा, रुसवा वेगळा, धास्ती वेगळी. पण मुलाच्या वाट्याला आपण किती शब्द देतो? ‘गप्प बस’, ‘रडू नकोस’, ‘मुलगा असून रडतोस?’ एवढीच आपली शिदोरी. ज्या भावनेला नाव मिळत नाही ती नाहीशी होत नाही. ती पोटदुखी होते, अंथरूण ओले करते, धाकट्याला चिमटा काढते.

आता बाहुली येथे काय करते? ती मुलाला आडोसा देते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहून ‘मला भीती वाटते’ असे सांगणे चार वर्षांच्या मुलाला जड जाते. ‘माझ्या अस्वलाला भीती वाटते’ असे सांगणे मात्र सोपे असते. बोलणारे तेच, दुखणेही तेच; पण बोल अस्वलाच्या नावे लागतो.

कामगार चळवळीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. एका कारखान्यात टाळेबंदी झाली, तेव्हा आम्ही घरोघर फिरत होतो. एका घरात नवराबायको आमच्याशी हसून बोलत होते. सगळे ठीक आहे, म्हणत होते. कोपऱ्यात त्यांची पाच वर्षांची मुलगी जुन्या परकराच्या बाहुलीला थोपटत होती आणि सांगत होती, ‘दूध मागू नकोस हं, बाबा ओरडतील; आणि बाबा ओरडले तरी ते वाईट नाहीत.’ आईबापांची मान खाली गेली. त्या घरातली खरी हकीकत आम्हाला बाहुलीमुळे कळली. मुलीला भूक, भीती आणि बापाविषयीची माया या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या, आणि तिन्ही तिने एका वाक्यात सांगितल्या. समोरासमोर विचारले असते, तर ती आईच्या पदराआड गेली असती.

मोठी माणसे तरी काय वेगळे करतात? शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये आणि त्यांच्यामागे रामदास पाध्ये यांनी अर्धवटराव घराघरांत पोहोचवला. सभ्य माणसाच्या तोंडी न शोभणारे खरे बोल अर्धवटराव बोलतो, आणि आपण ते हसून ऐकून घेतो. बाहुल्याला सवलत असते. तीच सवलत मुलाला हवी असते.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिले आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालवैद्य आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५१ साली असा विचार मांडला की, आईपासून थोडे थोडे वेगळे होताना मूल एखादी गोधडी, चिंधी किंवा मऊ खेळणे धरून ठेवते. ते खेळणे त्याला आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला पूल होते. म्हणूनच ते मळके झाले तरी मूल सोडत नाही, आणि धुतले की त्याचा वास गेला म्हणून रडते. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवर प्रयोग केले आणि १९५८ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. त्यांनी पिलांना आयांपासून तोडले आणि दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. तारेच्या आईपाशी दूध होते तेव्हाही पिले दुधापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगत. भय दाखवले की कापडाच्या आईकडेच धाव घेत. प्रयोग निष्ठुर होता यात संशय नाही. पण पोट भरले म्हणजे लेकरू सुखी झाले, हा हिशेब त्याने कायमचा खोटा ठरवला. आम्ही भाकरीसाठी लढणारी माणसे. म्हणूनच हे आम्ही मुद्दाम सांगतो.

यासाठी विलायतेकडेच पाहावे लागते असेही नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम उभे केले. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने गरिबाला परवडणारी नव्हती. या दोघींनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणाची साधने घडवली, आणि मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथूनच पुढे आला; १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तो देशभर गेला. बालशिक्षण हे श्रीमंतांचे चोचले नव्हे, हा धडा आपल्या जिल्ह्याने देशाला दिला आहे. मग बाहुलीसाठी आपण दुकानाच्या काचेकडे का पाहावे?

आई-आजींनी जुन्या लुगड्याची किंवा लुंगीची बाहुली शिवावी. आत कापूस किंवा स्वच्छ चिंध्या भराव्यात. लहान मूल हाती लागेल ते तोंडात घालते; म्हणून डोळ्यांना बटणे किंवा मणी लावू नयेत, दोऱ्याने डोळे भरावेत. शिवण पक्की असावी आणि बाहुली धुता यावी. विकतचे खेळणे घेतल्यास त्यावर मानक संस्थेची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची झाली आहे.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. मुलाला प्रश्न न विचारता बाहुलीला विचारावे. ‘आज या सशाला काय झाले? राग आला, की वाईट वाटले?’ असे दोन शब्द समोर ठेवावेत. मूल त्यांतला एक उचलते किंवा तिसराच सांगते. ससा म्हणाला, ‘मला बाळाला मारावेसे वाटते’, तर सशाला रागावू नये. ‘नवे बाळ आले, की सशाला हेवा वाटतो, पण बाळाला मारायचे नसते. मग ससा काय करील?’ असे म्हणावे. वाटणे आणि करणे यांतला भेद मूल असा शिकते. मुलगा असला, तरी त्याच्या हाती बाहुली द्यावी. बाहुली हातातून काढून घेतलेला मुलगा पुढे आपले दुःख दारूच्या गुत्त्यावर नेतो, अशी उदाहरणे आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत.

मात्र दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पहिली, बाहुलीला हेर करू नये. ‘बाबा कुणाशी भांडले, ते सशाला विचार’, अशी चौकशी सुरू झाली, की मूल सशापाशीही गप्प होते. दुसरी, बाहुली हे औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, बोलेनासे झाले असेल, किंवा कुणी त्याला इजा केली असा संशय असेल, तर डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याकडे विनाविलंब जावे.

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट. ही मऊ खेळणी शिवते कोण? १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये केडर नावाच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. कापडी खेळणी शिवणाऱ्या आणि भरणाऱ्या १८८ कामगारांचा तेथे अंत झाला. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याची दारे बंद होती, आणि इमारती कोसळल्या. परदेशातल्या मुलांना जे खेळणे कुशीत घेऊन निर्धास्त झोपायचे होते, ते शिवणाऱ्या मुलींना निर्धास्तपणे काम करता आले नाही. आपल्या मुंबईच्या उपनगरांतही बायका घरी बसून नगावर खेळणी भरतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. पण घरी नगावर काम करणारीला कारखानाच नाही, मग पाळणाघर कोठले? तिचे मूल तिच्या मांडीशी कापसाच्या ढिगात बसलेले असते, आणि त्या ढिगातले एकही अस्वल त्याचे नसते. अशा बाईला नगाचा रास्त भाव मिळणे आणि तिच्या मुलाला पाळणाघर मिळणे, ही आमच्या मते बालमानसशास्त्राचीच मागणी आहे.

म्हणून आमची आपणापाशी एकच विनंती आहे. कळंब, राजोडी, निर्मळ या गावांतल्या महिला मंडळांनी या उन्हाळ्यात आपापल्या अंगणवाडीसाठी टोपलीभर कापडी बाहुल्या शिवून द्याव्यात, आणि त्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्याव्यात. त्या मळतील, फाटतील, पुन्हा शिवाव्यात. ज्या मुलाला लहानपणी आपले गाऱ्हाणे बाहुलीच्या तोंडून मांडता आले, ते मोठेपणी मालकासमोर, सभेत किंवा घरात स्वतःच्या तोंडाने मांडील, आणि दुसऱ्याचेही ऐकून घेईल, असा आमचा विश्वास आहे.