शिक्षकाचा शिक्षक आणि आपली वर्गणी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी आपली परंपरा. मी सातवीपर्यंत शिकलेला यंत्रमाग कामगार. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. अशा माणसाने न्यूयॉर्कच्या एका अध्यापक-महाविद्यालयावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

रात्रशाळेतल्या मास्तरांनी आम्हांला त्रैराशिक शिकविले ते आमच्याच मजुरीवर. कापड किती मीटर विणले, मीटरला दर काय, हातात पडले किती, हे फळ्यावर मांडावयास लावले. गणित सुटले आणि कळले की, चौघांना दर आठवड्याला मजुरी कमी मिळते आहे. मी विचारले, "मास्तर, असे शिकवायला तुम्हांला कोणी शिकविले?" ते म्हणाले, "ट्रेनिंग कॉलेजात आमचे एक सर होते." त्या सरांना मी कधी पाहिले नाही, त्यांनीही मला पाहिले नाही, पण त्यांचे ऋण माझ्यावर आहे. शिक्षकाच्या शिक्षकाचे काम असे दूर जाऊन फळते. म्हणूनच त्याला देणगी द्यावी, हे कोणाला सुचत नाही.

कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेले टीचर्स कॉलेज हे अशा कामाचे मोठे उदाहरण. ग्रेस डॉज या श्रीमंत घरच्या बाईंनी १८८० मध्ये गरीब मुलींना घरकाम शिकविण्याचे वर्ग सुरू केले. गरिबाच्या मुलीला चांगली मोलकरीण करावयाचे, एवढीच ही दृष्टी मला कामगार म्हणून खटकते. परंतु बाई तेथे थांबल्या नाहीत. कारखान्यातल्या मुलींबरोबर संध्याकाळी बसून त्यांनी त्यांचे ऐकून घेतले. मुलांना शिकवावयाचे तर आधी शिकविणारे तयार केले पाहिजेत, हे ध्यानात येऊन १८८७ मध्ये शिक्षकांची शाळा निघाली. तिचेच पुढे टीचर्स कॉलेज झाले.

या संस्थेचा वारसा मोठा आहे. जॉन ड्यूई कोलंबियात आणि येथेही शिकवीत. मुलाने आपल्या अनुभवातून, हाताने काही करीत शिकावे, हा त्यांचा आग्रह. ते स्वतः शिक्षकांच्या युनियनचे सभासद होते, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. १९०७ मध्ये मेरी ॲडलेड नटिंग येथे प्राध्यापक झाल्या. परिचारिकेला विद्यापीठात ते पद प्रथमच मिळाले. दक्षिणेकडील राज्ये आपल्या विद्यापीठांत काळ्या शिक्षकांना घेत नसत. त्यांतले कित्येक येथे येऊन शिकून गेले. शर्ली चिझम दिवसा बालवाडीत काम करीत आणि संध्याकाळी येथे शिकत. शिवणकाम करणाऱ्या आईची ही मुलगी १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आली. तेथे पोहोचलेली ती पहिली काळी स्त्री.

आता देणगीविषयी. डॉज घराण्याचा पैसा फेल्प्स डॉज कंपनीचा, म्हणजे तांब्याच्या व्यापाराचा आणि खाणींचा. ग्रेसबाई १९१४ मध्ये वारल्या. १९१७ च्या जुलैत ॲरिझोनातील बिस्बी गावी त्याच कंपनीच्या पुढाकाराने संपवाले खाणकामगार आणि त्यांचे पाठीराखे, मिळून सुमारे १,२०० माणसे, बंदुकांच्या धाकाने गुरांच्या डब्यांत भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडली. मग मी म्हणावे काय, की ही देणगी विटाळलेली? नाही. मी म्हणतो, त्या देणगीत खाणकामगाराचा घाम आहे. म्हणून त्या शाळेवर पहिला हक्क कामगाराच्या मुलाचा आहे.

आणि हक्काची अडचण आजही तेथेच आहे. टीचर्स कॉलेजचे विश्वस्त मंडळ वेगळे, तिजोरीही वेगळी. विद्यापीठाचे नाव मोठे असले तरी खर्चाचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या फीवर पडतो. वकील किंवा डॉक्टर होणारा कर्ज काढील आणि फेडील. शिक्षकाने मोजक्या पगारातून ते कसे फेडावे? शिष्यवृत्तीला देणगीदार मिळाला नाही, तर गरिबांना समजून घेणारा शिक्षक गरिबांतून यावयाचाच नाही.

आपल्याला हे परके नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तेथे ड्यूईंच्या वर्गात बसले. एका राजाच्या देण्याने काय घडले ते सगळ्या देशाने पाहिले. पण राजे थोडे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या घरातून मूठ-मूठ धान्य जमविले, आणि १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालयही काढले. माझा भरवसा या मुठीवर जास्त आहे. एकट्या देणगीदाराने हात आखडला की काम बसते. हजारांची वर्गणी असली की दहा जण गळाले तरी काम चालते. युनियन चालविताना मी एवढेच शिकलो. शिवाय, वर्गणी देणारा नंतर हिशेब विचारतो, शाळेत काय चालले आहे ते पाहावयास जातो. शाळेला पैशाइतकीच त्याचीही गरज असते.

मी आज पावतीपुस्तक आणलेले नाही, घाबरू नका! एवढीच विनंती, की जवळच्या अध्यापक विद्यालयात किंवा विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात एकदा जा. फीअभावी कोण अडले आहे ते विचारा, आणि चार घरांनी मिळून त्या एकाची फी भरा. तो कोणाला शिकवील, ते आपल्याला कधी कळणार नाही. माझ्या मास्तरांच्या सरांनाही कळले नव्हते.