संघ कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला हा माणूस पगार, बोनस आणि संप यांवर बोलेल, अशी त्यांची समजूत झाली असावी. आम्ही विषय कळवला फुटबॉल, आणि तोही जपानातल्या तिसऱ्या श्रेणीचा. चालकांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसतो आहे. तुळजापूर तालुक्यात कुस्ती आणि कबड्डी घरोघरी ठाऊक. फुटबॉलचे तसे नाही. पण थोडा धीर धरा. विषय चेंडूचा वाटला, तरी तो मालकीचा आहे, आणि मालकीच्या प्रश्नात आमचे केस पांढरे झाले आहेत.

या विषयाकडे आम्हांला एका खेळाडूने ओढले. त्याचे नाव सांगत नाही, कारखान्याचेही सांगत नाही. साखर कारखाना होता एवढे पुरे. त्या कारखान्याचा कबड्डी संघ होता. हा पोरगा चढाईत वाघ. त्याला कामावर घेतले ते चढाईसाठी. मस्टरवर मात्र नाव ठेकेदाराचा मदतनीस म्हणून. हंगाम सुरू झाला की कामगार गव्हाणीवर आणि हा मैदानावर. सहा वर्षे त्याने ढाली आणल्या, आणि त्या ढाली कार्यालयाच्या काचेच्या कपाटात बसल्या. मग गुडघा गेला. त्याच वर्षी संचालक मंडळ बदलले, आणि नव्या मंडळाने संघ बंद केला. पोरगा आमच्याकडे आला. पैसे, नुकसानभरपाई यांबद्दल तो पहिल्यांदा काहीच बोलला नाही. म्हणाला, “अण्णा, संघ मोडायचा ठराव झाला म्हणतात. खेळणाऱ्यांतल्या कुणाला तरी विचारलं का हो?”

विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आमच्या युनियननेही त्याला कधी विचारले नव्हते. खेळाडू म्हणजे साहेबांच्या मर्जीतला माणूस, तो कामगार कसला, असे आम्हीच धरून चाललो होतो. त्याच्याकडून आम्ही वर्गणी घेतली नाही, म्हणून त्याची पावती नाही. पावती नाही, म्हणून तो आमच्या यादीत नाही. खटपटीला तीन वर्षे लागली, आणि पदरात पडली ती रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी. त्या प्रकरणानंतर आम्ही खेळांच्या संघांची माहिती गोळा करू लागलो. कोण काढतो, कोण चालवतो, कोण मोडतो. ती हकीकत आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्याच महाराष्ट्रापासून आरंभ करू. मुंबईत महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ साली निघाला. पुढे तो ‘महिंद्र युनायटेड’ नावाने गाजला. २००५-०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. म्हणजे त्या वर्षी देशात त्याच्यापुढे कोणी नव्हते. आणि २०१० साली, अवघ्या चार वर्षांनी, कंपनीने संघ बंद केला. पंजाबात फगवाड्याला जेसीटी या कापड गिरणीचा संघ होता. १९९६-९७ साली राष्ट्रीय लीग पहिल्यांदा भरली, ती याच संघाने जिंकली. २०११ साली तोही बंद. पुण्यात २००७ साली एका उद्योगसमूहाने ‘पुणे एफसी’ काढला. तो दुसऱ्या श्रेणीतून झगडत वर चढला, आणि २०१५ साली संपला. तीन संघ, तीन गावे, शेवट एकच.

हे संघ हरले म्हणून मोडले नाहीत, हे ध्यानात घ्या. ज्याने देशाचे अजिंक्यपद मिळवले, तोही मोडला. संघ मैदानावर जगतो असे आपण समजतो. हे संघ ताळेबंदाच्या एका ओळीवर जगत होते. ती ओळ जड झाली, की लेखणी फिरवायची.

मालकांवर सगळा दोष टाकून मोकळे व्हावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कंपन्यांच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या संघांनी या देशातल्या गरिबाच्या पोरांना भाकरी दिली. आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळी हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. सैद अब्दुल रहीम हे त्यांचे शिक्षक. पुढे त्यांच्याच शिकवणीखाली भारताने १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळवले. खेळाडूला नोकरी होती, गणवेश होता, निवृत्तिवेतन होते. खेळ सुटला तरी चूल विझत नव्हती. तेव्हा देणाऱ्याने दिले, हे मान्य केलेच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच, की दिलेले परत घेताना घेणाऱ्याला काही बोलण्याचा अधिकार असावा की नसावा?

या प्रश्नावर एक उत्तर जपानात दिले गेले, म्हणून तिकडे जाऊ. जपानने फुटबॉलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९६५ साली सुरू केली. आठ संघ, आणि आठही कंपन्यांचे: कोणी पोलाद कारखान्याचा, कोणी मोटारींच्या कारखान्याचा, कोणी डिझेल इंजिनांच्या, तर एक बँकेचा. खेळाडू कंपनीचे नोकर. काम करावे आणि सराव करावा. या व्यवस्थेतून तीनच वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, जपानने कांस्यपदक नेले. डिझेल इंजिनांच्या कंपनीतला कामामोतो हा खेळाडू त्या स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे सात गोल करून गेला.

१९९३ साली तिथे व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्या चालकांनी एक शहाणपणाची अट घातली, की संघाने गावाचे नाव लावावे, कंपनीचे नव्हे. नावे बदलली; तिजोरीच्या किल्ल्या पुष्कळ ठिकाणी कंपनीच्याच कमरेला राहिल्या. योकोहामा या बंदराच्या शहरात दोन संघ होते. एक ‘मारिनोस’, निसान मोटार कंपनीचा; दुसरा ‘फ्लूगल्स’, एक विमान कंपनी आणि एक बांधकाम कंपनी यांनी मिळून चालवलेला. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर झाले, की बांधकाम कंपनी अंग काढून घेत आहे आणि फ्लूगल्स संघ मारिनोसमध्ये विलीन होणार. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या. त्या सह्यांनी निर्णय हलला नाही. खेळाडू मात्र खेळत राहिले. सम्राटाच्या नावाने जी चषक स्पर्धा जपानात भरते, तिचा अंतिम सामना १ जानेवारी १९९९ रोजी झाला. फ्लूगल्सने तो २-१ असा जिंकला, चषक उचलला, आणि संघ तिथेच संपला. मारिनोसच्या नावात त्या संघाचे ‘एफ’ हे एक अक्षर तेवढे उरले.

आपल्या गिरणगावात हे घडले असते, तर आपण काय केले असते? मोर्चा काढला असता, पुतळा जाळला असता, आणि घरी गेलो असतो. आम्ही अनेकदा तसेच केले आहे. योकोहामाच्या चाहत्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी पैसे काढले. सभासदांच्या वर्गणीवर उभा राहणारा संघ काढायचे ठरवले आणि ‘योकोहामा एफसी’ हे नाव घेतले. पहिल्या दोन श्रेणींत त्यांना जागा नव्हती. १९९९ साली तिसऱ्या श्रेणीत ती मिळाली.

आता तो हंगाम डोळ्यांपुढे आणा. त्या श्रेणीत नऊ संघ होते. होंडाचा, सेंदाई इथल्या सोनीचा, डेन्सोचा, योकोगावा या विद्युत् कंपनीचा, ओत्सुका या औषध कंपनीचा, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या जात्कोचा, असे सहा कारखानदारी संघ. एक कोकुशिकान विद्यापीठाचा. एक मितो शहराचा. आणि या सर्वांच्या मध्ये वर्गणीच्या पैशावर उभा असलेला नववा. त्याला शिकवायला होता पिएर लिटबार्स्की, १९९० साली विश्वचषक जिंकलेल्या जर्मन संघातला खेळाडू. मालकाने टाकून दिलेल्यांचा संघ आणि समोर मालकांचेच सहा संघ! त्या हंगामाच्या शेवटी गुणतक्त्यात पहिला होता योकोहामा एफसी.

आणि पहिला येऊनही त्याला बढती मिळाली नाही. पूर्ण सभासदत्व नव्हते. कागदोपत्री तो पाहुणा होता. वरच्या श्रेणीत गेला तिसरा आलेला मितो. आमच्या बांधवांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. काम पहिल्या नंबरचे आणि मस्टरवर मात्र हंगामी! चाहत्यांनी हाय खाल्ली नाही. २००० साली संघ पुन्हा पहिला आला, आणि २००१ पासून दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला. २००७ साली तो पहिल्या श्रेणीतही पोहोचला.

इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण ती अर्धी ठरली असती. पुढे चालकांचे आणि वर्गणीदारांचे बिनसले. पैशाची गरज वाढली, आणि कालांतराने मोठा वाटा एका उद्योगसमूहाच्या हाती गेला. म्हणजे वर्गणी गोळा करणे हे काम अर्धेच. वर्गणी देणाऱ्याला हिशेब पाहता आला पाहिजे, सभेत उठून बोलता आले पाहिजे, आणि त्याचे मत मोजले गेले पाहिजे. नाहीतर पावती म्हणजे देणगीचा कागद, मालकीचा नव्हे. युनियनमध्येही आम्ही हेच पाहिले. वर्गणी जमते, सर्वसाधारण सभा भरत नाही, आणि दहा वर्षांनी युनियन एका माणसाच्या खिशात सापडते.

आणि त्या सहा कारखानदारी संघांचे काय झाले? सगळ्यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. जात्कोचा संघ २००३ नंतर बंद झाला. सेंदाईच्या सोनीचा संघ २०२४ च्या हंगामानंतर थांबला. औषध कंपनीचा संघ २००५ पासून तोकुशिमा शहराच्या नावाने व्यावसायिक लीगमध्ये उतरला. होंडाचा संघ मात्र कारखान्याचाच राहिला आणि त्याच लीगमध्ये पाय रोवून उभा राहिला. कंपनीचा संघ मोडतोच असे नाही. मोडायचा की ठेवायचा, हे मात्र खेळणाऱ्याच्या हाती नसते.

आता पुन्हा घरी येऊ. असा लोकांचा संघ पाहायला जपानला जावे लागत नाही. कोल्हापूरला जावे. तिथे फुटबॉलच्या संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी आहेत. नवख्याला वाटावे, कुस्तीचा फड आहे! शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी रुजल्या, आणि त्याच तालमींच्या ओसरीत पुढे फुटबॉल वाढला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. तिच्या लीगचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. देशाच्या फुटबॉलच्या उतरंडीत ही जिल्ह्याची लीग अगदी खालच्या पायरीवर; पण मोठा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

महिंद्रचा संघ गेला, पुण्याचा गेला, आणि पेठांचे संघ राहिले. याचे कारण आम्हांला असे दिसते: पेठ बंद करण्याचा ठराव कोणत्याही कार्यालयात होऊ शकत नाही.

पण पेठेलाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ‘आपला संघ’ म्हणताना दुसऱ्याच्या संघावर दगड उचलला जातो. सामन्याच्या गर्दीत हाणामाऱ्या झाल्या आहेत आणि त्यांत खेळाचीच बदनामी झाली आहे. दुसरी गोष्ट आमच्या पहारेकऱ्याची. पोरगा पेठेसाठी पळतो, गुडघा मोडतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. त्या दिवशी पेठ त्याच्या दारात उभी राहते का? संघ लोकांचा असेल, तर मोडलेला गुडघाही लोकांचा असला पाहिजे.

जळकोटच्या तरुणांना शेवटचे दोन शब्द. आपल्याकडेही गावोगाव कबड्डीचे आणि क्रिकेटचे संघ आहेत. त्यांच्या अंगावरचे बनियन पुष्कळदा निवडणुकीच्या वर्षी येते, आणि पाठीवर नंबराच्या वर कोणाचे तरी नाव छापलेले असते. बनियन घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचे सांगणे साधे आहे. संघातल्या आणि संघाच्या चाहत्यांतल्या प्रत्येकाने वर्षाला थोडी वर्गणी द्यावी, दहा रुपये का होईना, आणि तिची पावती घ्यावी. त्यातला निम्मा पैसा दुखापतीसाठी बाजूला ठेवावा. आणि दर गुढीपाडव्याला मैदानावर बसून हिशेबाची वही सर्वांपुढे मोठ्याने वाचावी.

तो आमचा पहारेकरी आता गावी पोरांना कबड्डी शिकवतो. त्याने पोरांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिली पावती आमच्या नावाने फाडली. ती आम्ही जपून ठेवली आहे. त्याच्या युनियनने त्याला जी पावती कधी दिली नाही, ती त्याने आम्हांला दिली.