संदेशाचाही टंच काढावा

(हुपरी येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हुपरीची ओळख रौप्यनगरी अशी आहे. येथे चांदीचे काम केवळ पेढीवर चालत नाही. ते घराघरांत चालते. पैंजणाच्या कड्या जोडण्यापासून घुंगरू बसविण्यापर्यंत अनेक कामांना घरातील स्त्रियांचे हात लागतात. व्यापाऱ्याकडून चांदी कारागिराच्या घरी जाते आणि दागिना होऊन परत येते. हा सारा व्यवहार विश्वासावर उभा आहे. तरीही या गावात टंच काढल्याखेरीज चांदीचा भाव ठरत नाही, आणि टंच काढला म्हणून कोणी रागावतही नाही. परीक्षा म्हणजे अविश्वास नव्हे. विश्वास टिकावा म्हणूनच परीक्षा असते. धातूला लावलेली हीच रीत आता मोबाईलवर येणाऱ्या सरकारी नावाच्या संदेशांनाही लावण्याची वेळ आली आहे.

या संदेशांचे स्वरूप पाहावे. २०२२ साली महाराष्ट्रात असंख्य ग्राहकांना संदेश आले की, मागील महिन्याचे देयक अद्ययावत नसल्याने आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल. तातडीने अमुक क्रमांकावर संपर्क साधावा. तो क्रमांक महावितरणचा नव्हता. आपले संदेश वैयक्तिक मोबाईल क्रमांकावरून जात नाहीत, प्रेषकाच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ अशी अक्षरे असतात, असे महावितरणला वारंवार जाहीर करावे लागले. पुढे वाहतूक दंडाच्या बनावट चलनांचे संदेश आले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बनावट संकेतस्थळेही उभी राहिली. अधिकृत संकेतस्थळाखेरीज अन्यत्र माहिती भरू नये, असे राज्य शासनाला सांगावे लागले. महिन्याचे दीड हजार रुपये ज्या घरात किराण्याला लागतात, त्या घरातील भगिनीच्या चिंतेवर हा डाव रचलेला होता.

चोरी होते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. बनावट चलनासोबत एक ‘एपीके’ फाईल येते. ती उघडली की मोबाईलमध्ये एक अ‍ॅप बसते आणि संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळाली की बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो. अनेकदा तोच संदेश त्या मोबाईलवरून आप्तेष्टांना आणि गटांना जातो. म्हणजे फसविला गेलेला मनुष्य नकळत दुसऱ्यांना फसविण्याचे साधन ठरतो. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हा आकडा ७,४६५ कोटी होता.

महाराष्ट्राला तोतया नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते परत येतील ही आशा लोकांच्या मनात जिवंत होती. त्या आशेच्या बळावर एक मनुष्य भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. पुणे दरबाराने त्याला तोतया ठरविले, तरी १७७६ साली कोकणात त्याने मोठे बंड माजविले. किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच्या मागे गेलेले सगळेच मूर्ख नव्हते. तोतया नेहमी माणसाच्या आशेचा किंवा भीतीचा आधार घेतो. अनुदान मिळेल ही आशा आणि वीज तुटेल ही भीती, हे आजच्या तोतयाचे दोन आधार आहेत.

म्हणूनच जुन्या राज्यव्यवहारात खरेपणाची खूण ठरलेली असे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. तिच्यापुढे कोणाला एक अक्षर वाढविता येऊ नये, हा तिचा हेतू. आजच्या लघुसंदेशालाही अशी खूण आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियम बदलले. त्यानुसार प्रेषकाच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षर येते. सरकारी संदेशास ‘जी’, सेवेच्या संदेशास ‘एस’, व्यवहाराच्या संदेशास ‘टी’ आणि जाहिरातीस ‘पी’. दहा आकडी क्रमांकावरून ‘सरकार’ बोलू लागले, तर तेथेच थांबावे. मात्र ही खूण केवळ लघुसंदेशांपुरती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर राजचिन्हाचे चित्र कोणीही लावू शकतो. शिवाय प्रेषकाच्या नावाचीही नक्कल करणारे चोर आहेत. म्हणून ही पहिली कसोटी मानावी, अखेरची नव्हे.

अखेरची कसोटी सोपी आहे. ज्याने माल आणला, त्याच्याच तराजूवर तो तोलू नये. संदेशातील लिंकने जाऊ नये, संदेशातील क्रमांकावर बोलू नये. चलनाची शंका असेल तर परिवहन खात्याचे ‘गव्ह डॉट इन’ने संपणारे संकेतस्थळ स्वतः उघडावे. विजेची शंका असेल तर जुन्या छापील देयकावरील क्रमांक पाहावा. योजनेची शंका असेल तर नगरपरिषदेत किंवा अंगणवाडीत विचारावे. संदेश खरा असेल, तर या वाटेनेही तो खराच ठरेल. चौकशीला अर्धा तास लागला म्हणून कोणाची वीज तुटत नाही.

येथे शासनाच्या कर्तव्याचाही उल्लेख अटळ आहे. खोटा संदेश पचतो, कारण खरा संदेशही पुष्कळदा तसाच दिसतो: लिंक, मुदत आणि दंडाचा धाक. जुन्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली, तेव्हा नोंदणी परिवहन खात्याने नेमलेल्या खासगी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आली. त्या गोंधळात बनावट संकेतस्थळांचे फावले. नागरिकाला सावधतेचा उपदेश करणाऱ्या कार्यालयांनी पैसे मागणारी लिंक पाठविणेच बंद करावे. खऱ्या आणि खोट्या नाण्याचा छाप सारखा असेल, तर दोष केवळ नाणे घेणाऱ्याचा नसतो. तो टांकसाळीचाही असतो.

आणि तरीही कोणी फसलेच तर? पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्या फोनवरून तत्काळ १९३० हा क्रमांक लावावा, बँकेला कळवावे आणि आपला मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. जितकी लवकर वर्दी, तितकी तो मध्येच गोठविला जाण्याची शक्यता अधिक. पैसे गेले नसले तरी संशयास्पद संदेशाची नोंद ‘संचार साथी’च्या ‘चक्षु’ या सुविधेवर करता येते. ती केली, तर शेजाऱ्याचे घर वाचू शकते.

परंतु १९३० लावण्याच्या आड सर्वांत मोठी अडचण येते ती लाजेची. घरचे काय म्हणतील, या विचाराने सासू सुनेला सांगत नाही, वडील मुलाला सांगत नाहीत, आणि मोलाचे तास निघून जातात. तक्रारीचा क्रमांक सरकार देऊ शकते. ही लाज मात्र समाजालाच दूर करावी लागेल. तरुण मंडळे, महिला बचत गट आणि कारागिरांच्या संघटना यांनी एवढे एक काम पत्करावे. ज्येष्ठांच्या मोबाईलमध्ये १९३० हा क्रमांक साठवून द्यावा, आणि ‘शंका आली तर मला विचारा, मी हसणार नाही’ असा शब्द द्यावा.

हिणकस चांदी टंचात उघडी पडते, तेव्हा या गावात ती आणणाऱ्याला जाब विचारला जातो. ओळखण्यात चुकलेल्या कारागिराची टिंगल होत नाही. फसवणुकीचा जाबही फसविणाऱ्यालाच विचारला जावा, आणि फसलेल्याच्या पाठीशी गाव उभे राहावे.