वैनगंगेची भूमिका



चंद्रपूरहून मूल-सावली मार्गे गडचिरोलीला निघालो की व्याहाडनंतर पूल लागतो. खाली वैनगंगा असते, आणि ती मोगलीची नदी आहे. रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून ज्यांनी मोगली पाहिला, त्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक होते? किपलिंगने ‘जंगल बुक’मध्ये तिचे नावच घातले आहे. शिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला ती उगम पावते, बालाघाट-गोंदिया-भंडारा करत आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोलीची सीमा होते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता म्हणून पुढे जाते. कथेतले रान वरच्या अंगाचे, शिवनीचे. पण पाणी तेच आणि झाडेही बरीचशी तीच.

किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 साली. या कथा मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिल्या. शिवनीला तो कधी गेल्याचा पुरावा नाही. इथल्या रानाची माहिती त्याने बरीचशी स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकांतून घेतली असे अभ्यासक मानतात. 1894 आणि 1895 साली दोन्ही भाग आले. न पाहिलेले रान त्याने इतके नेमके लिहिले याचे मला नवल वाटते. दुसऱ्या भागातला दुष्काळ आठवा. त्याची खूण कशाने पटते? मोहाने. मोह फुलतच नाही. मग पाणी आटत जाते, वैनगंगेच्या पात्रातला खडक उघडा पडतो, आणि पाण्यावर कुणी कुणाला मारायचे नाही अशी दवंडी हत्ती पिटतो. मोहफूल वेचणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, मोह चुकला म्हणजे काय ते सांगतील.

आता सिनेमाकडे येऊ. 1942 साली झोल्टन कोर्डाने साबूला मोगली केले. म्हैसूरकडच्या माहुताचा हा मुलगा, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात. 1994च्या चित्रपटात थोडे जोधपूर आहे आणि टेनेसीतला एक धबधबा. अँडी सर्किसचा 2018चा ‘मोगली’ लंडनजवळचा स्टुडिओ आणि दक्षिण आफ्रिका यांत उरकला. आणि 2016चा जॉन फॅव्ह्रोचा, ज्याला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले, तो सगळा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. भारतातल्या जंगलांचे फोटो पुढ्यात ठेवून पान न् पान संगणकावर रचलेले. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत सांगूनच टाकली. म्हणजे वैनगंगेची भूमिका इतक्यांनी केली, पण या मोठ्या चित्रपटांत खुद्द वैनगंगेला कुणी बोलावले नाही.

यात रुसण्यासारखे काही नाही. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला तर मुळीच नाही. वडशाच्या कंपनीचे नाटक गावात लागते, रंगवलेल्या पडद्यावर अरण्य असते, मंडपाच्या मागे खरे अरण्य उभे असते, आणि प्रेक्षक रात्रभर पडद्यावरच्या अरण्यात रडतो-हसतो. माझी तक्रार वेगळी आहे. ते बनावट रान परत आपल्याकडे येते आणि खऱ्या रानाची परीक्षा घेऊ लागते.

सिनेमातले जंगल बारमाही हिरवे, वेलींनी लगडलेले, शेवाळाने ओले. आपले रान पानगळीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, सागाची पाने खाली येतात, एप्रिलमध्ये पायाखाली नुसती कुरकुर. हिरवेगार होते ते पावसाळ्यात, आणि तेव्हा ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद असतो. मग ऐन उन्हाळ्यात जिप्सीत बसलेला पाहुणा म्हणतो, ‘जंगल कुठाय?’ त्याच्या चारही बाजूंना तेच असते. त्याला हसून सोडून देता येते. पण ‘दिसत नाही म्हणजे जंगल नाही’ हा विचार कागदावर उतरतो तेव्हा हसू येत नाही. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींचा वाद दशकानुदशके चालला तो याच जातीचा. त्या जमिनी वनजमिनीच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले.

खऱ्या जागेची वाट पाहणारे दिग्दर्शकही आहेत. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 2018 साली आला. त्याची भुताटकी उभी आहे ती खऱ्या पावसावर आणि सासवडच्या खऱ्या वाड्यावर. त्या पावसासाठी वर्षे गेली. खऱ्या जागेचा मान राखल्याचे परदेशातले उदाहरण न्यूझीलंडचे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला ज्वालामुखी म्हणून तिथला नगाउरुहोए पर्वत दिसतो. तो माओरींना पूजनीय, म्हणून शिखराचे चित्रीकरण केले नाही. आपल्याकडेही डोंगर नुसते डोंगर नाहीत. सुरजागडावर माडियांचा ठाकुरदेव आहे, दरवर्षी त्याची यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखाणही चालू आहे.

तेव्हा उद्या कुणी कॅमेरा घेऊन आलेच, तर मुंबईच्या परवान्याबरोबर गावची ग्रामसभाही लागेल. लेखामेंढा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूचा व्यवहार गाव स्वतः करते. चित्रीकरणाचा करार गावकऱ्यांना जड जाईल असे मला वाटत नाही. अटी तेच सांगतील, आणि त्या वाचण्याजोग्या असतील.

दिग्दर्शकाला माझी सूचना एकच. वेली शोधू नका, मे महिन्यात या. तेंदूपत्त्याची तोड चालू असेल, वैनगंगा उतरलेली असेल, किपलिंगच्या दुष्काळाचा प्रसंग एकही पान न रंगवता मिळेल. फक्त येण्याआधी तहसीलदारांना एक फोन करा, तुम्ही निवडलेल्या नदीघाटाच्या रेतीचा लिलाव झाला आहे का म्हणून.