सुपारीच्या बेटावर आठ तास

क्रूझवरच्या माणसाच्या वाट्याला शहर येतं ते आठ तासांचं. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, गळ्यात कार्ड अडकवून आपण उतरतो, बसवर नंबर लावलेला असतो आणि गाइडच्या हातात छत्री. ती छत्री जिकडे वळेल तिकडे शहर. एवढ्या वेळात शहर कळत नाही, हे उघड आहे. पण आपल्याविषयी लोकांना काय सांगायचं, हे त्या शहरानं ठरवलेलं असतं. तेवढं मात्र नीट कळतं.

सिंगापूरहून निघालेलं आमचं जहाज मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्ज टाउनच्या बंदरात थांबलं. मलायी भाषेत ‘पिनांग’ म्हणजे सुपारी. तिथल्या राज्याच्या झेंड्यावरही पोफळीचं झाड आहे. मी श्रीवर्धनकडचा, पोफळीच्या वाड्यांतून वाढलेला. आमच्या भागातले कितीतरी लोक बोटींवर खलाशी असत. माझे मामूही होते. त्यांच्या बोलण्यात पिनांगचं नाव इतकं सहज यायचं की लहानपणी मला ते म्हसळ्याच्या पुढचं एखादं गाव वाटे.

आमची गाइड पन्नाशीची चिनी बाई होती. घरात होक्कियन, बाजारात मलायी, आमच्याशी इंग्रजी आणि बसच्या ड्रायव्हरशी कामापुरती तमिळ. ती बोलता बोलता भाषा बदलायची, तेव्हा आवाजाची पट्टीही बदलायची. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं हे बेट केदाहच्या सुलतानाकडून घेतलं, हे तिनं सांगितलं. जंगल तोडायला मजूर तयार होईनात, तेव्हा लाइटनं तोफेतून चांदीची नाणी रानात उडवली, ही दंतकथाही सांगितली. सगळे हसले. सुलतानानं बेट दिलं ते सयामविरुद्ध संरक्षण मिळेल या आशेनं. ते मिळालं नाही. बेट परत घ्यायला गेला तर हरला, आणि १७९१ च्या तहात वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलरवर त्याची बोळवण झाली. हे मात्र छत्रीवाल्या सहलीत येत नाही. आलं तर लोक हसणार नाहीत.

बंदर खुलं, जकात नाही, म्हणून माणसं आली. चिनी आले, तमिळ आले, सुमात्राहून आचेचे लोक आले, अरब आणि आर्मेनियनही आले. अजूनही गल्ल्यांना त्यांची नावं आहेत. २००८ साली मलाक्क्याबरोबर या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली.

सहलीचा मानाचा मुक्काम एका रस्त्यावर असतो. पूर्वीची पिट स्ट्रीट, आता मशीद कपितान केलिंग मार्ग. त्याच्या आसपास चालत चालत आपण १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन देवीचं चिनी मंदिर, १८३३ चं महामारियम्मन मंदिर आणि १८०१ ची मशीद बघतो. प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं. ‘इथं सगळे धर्म शेजारी नांदतात,’ असं गाइड म्हणते, आणि ते खोटं नाही. चिनी देवळातल्या उदबत्त्यांचा धूर रस्त्यावर सगळ्यांच्याच नाकात जातो. पण दारं एकाला एक लागून असली म्हणजे माणसं एकमेकांत मिसळली, असं होत नाही. आपल्याकडेही मशीद आणि मारुतीचं देऊळ एका भिंतीला असलेली गावं आहेत. त्या भिंतीचं काय होतं, हे वर्षावर्षावर अवलंबून असतं.

चर्चचे पांढरे खांब बघताना मला एक गोष्ट आठवत राहिली. ते चर्च कैद्यांच्या श्रमातून उभं राहिलं. काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे आपल्याला अंदमान आठवतं, पण त्याच्या आधी कंपनी बंगाल, मद्रास, मुंबई इलाख्यांतले कैदी पेनांगला धाडत असे. रस्ते, पूल, इमारती त्यांच्या हातच्या. आता तिथं हिरवळ आहे आणि फोटोसाठी रांग असते.

मशिदीच्या नावातला ‘केलिंग’ हा शब्द तर आपल्याकडूनच गेलेला. बहुधा ‘कलिंग’वरून आला. पूर्वी तो हिंदी माणसासाठी सरसकट वापरत. आज तिथल्या तमिळ लोकांना तो शिवीसारखा लागतो. पण ‘कपितान केलिंग’ ही कादर मोहिदीन या हिंदी मुस्लिम पुढाऱ्याची पदवी होती, म्हणून मशिदीच्या नावात तो राहिला. मशिदीच्या ओट्यावर एक म्हातारे तमिळ गृहस्थ बसले होते. मी सलाम केला. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, ‘तमिळ?’ म्हटलं, ‘नाही, मराठी.’ ‘अच्छा,’ ते म्हणाले, आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

एवढंच. पुढे काही नाही. पण तीस वर्षं कविसंमेलनांतून फिरल्यावर हे ‘एवढंच’ किती दुर्मीळ आहे, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे लोक प्रेमानं सांगतात, ‘तुमची मराठी किती छान आहे हो!’ जेवायला बोलावणारेच लोक हे म्हणतात, म्हणून रागावताही येत नाही. मातृभाषा चांगली बोलल्याबद्दल शाबासकी मिळणारा माणूस मनात काय म्हणत असेल? ओट्यावरच्या चाचांना मात्र मुसलमान मराठी बोलतो यात नवल वाटलं नाही, कारण ते स्वतः तमिळ बोलणारे मुसलमान होते.

जवळच कॅनन स्ट्रीट नावाची गल्ली आहे. १८६७ च्या ऑगस्टमध्ये इथं दहा दिवस दंगल पेटली होती. तोफगोळ्यानं जमिनीला भोक पडलं, त्यावरून गल्लीला नाव पडलं असं सांगतात. वाटेल की चिनी विरुद्ध मुसलमान लढले असतील. तसं नव्हतं. घी हिन या चिनी टोळीबरोबर मलायी आणि हिंदी मुसलमानांची ‘पांढरा झेंडा’ टोळी होती, आणि तुआ पेक काँग या दुसऱ्या चिनी टोळीबरोबर मुसलमानांचीच ‘लाल झेंडा’. म्हणजे या शहरात माणसं भांडलीसुद्धा मिसळून! ही गोष्ट मला चार दारांच्या गोष्टीपेक्षा खरी वाटली. त्यात धंदा होता, वर्चस्व होतं आणि एकमेकांची गरजही होती.

दुपारी नासी कांदार खाल्लं. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोपलीत भात, दुसरीत कालवणं घेऊन गोदीतल्या हमालांना विकत फिरायचे. कावड गेली, दुकान आलं, नाव तेच राहिलं. भातावर तीन-चार रस्से एकमेकांत मिसळून ओततात. वेगळे वाढा म्हटलं तर वाढपी आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतो.

त्या दुकानाच्या भिंतीवर एक पाटी होती. मलायी भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे वाचता आली. ‘बुलान पुआसा’तल्या वेळा बदलतील, असं काहीतरी. गाइडला विचारलं. ती म्हणाली, ‘बुलान म्हणजे महिना. पुआसा म्हणजे तुमचा रमजानचा रोजा.’ मी हातातला घास तसाच धरून बसलो. पुआसा हा आपला उपवास! आमच्याकडे वाटणी कधीच झाली आहे, रोजा मुसलमानाचा आणि उपास हिंदूचा. आणि इथं लाखो मुसलमान रमजानभर उपवास धरतात, त्याच शब्दानं. मग मी बाईंच्या मागेच लागलो. पापाला काय म्हणता? ‘दोसा.’ दोष! पुण्याला? ‘पहाला.’ फळ! ‘नराका’ आणि ‘शुर्गा’ तर सांगायलाच नकोत. धर्म म्हणजे ‘आगामा’. मशिदीतला माणूस अल्लाहची भक्ती करतो, आणि त्याच्या पापपुण्याचा हिशेब संस्कृतात लिहिलेला आहे.

परतीच्या बसमध्ये बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. छत्री मिटलेली होती. ‘तुमच्या भाषेतही बाहेरचे शब्द आहेत का?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, खुर्ची. त्या म्हणाल्या, ‘आमची करुसी.’ साबण. ‘साबुन.’ मी म्हटलं, खबर. त्या मोठ्यानं हसल्या. मलायीत कसं काय विचारायचं तर ‘आपा खबर?’ म्हणतात. ड्रायव्हरही मध्ये एकदोन शब्द टाकू लागला. धक्का आला तेव्हा आम्ही अलमारीपर्यंत पोचलो होतो.