गोणीवर उधळण, तुसावर काटकसर

गावरान म्हणून चढ्या भावानं विकली जाणारी कोंबडी आता परसातून शेडमध्ये आली आहे. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती तिथं हजार-पाचशेच्या संख्येनं वाढतात, आणि त्यांची सरबराईही ब्रॉयलरसारखीच होते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होऊन निघून जातो. हा पक्षी मात्र दहा-बारा आठवडे त्याच जमिनीवर, त्याच तुसावर काढतो. म्हणून त्याचं खाद्य आणि अंथरूण यांचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा. आपण मात्र गोणीवर उधळतो आणि तुसावर काटकसर करतो.

आधी गोणी पाहू. ब्रॉयलरच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात किलोमागे तीन हजारांहून जास्त किलोकॅलरी ऊर्जा असते. संथ वाढणाऱ्या जातीला साधारण 2800, आणि पुढं त्याहूनही थोडी कमी पुरते. कोंबडी बरीचशी ऊर्जेच्या मापानंच खाते. गरज भागली की चोच आवरते. ब्रॉयलर हे भान पुष्कळसं हरवून बसला आहे, गावरान पक्ष्यात ते अजून शाबूत आहे. त्यामुळे दाणा जास्त ताकदीचा दिला की तो कमी खातो आणि प्रथिनंही कमी मिळवतो. त्यात आपल्याकडची एक खोड म्हणजे तयार खाद्यात मक्याची भरड मिसळणं. वीस टक्के प्रथिनांच्या पन्नास किलोंत पंचवीस किलो मका घातला, तर प्रथिनं सोळा टक्क्यांच्या आसपास येतात आणि ऊर्जा वाढते. जास्तीची ऊर्जा मांसात न जाता पोटातल्या पिवळ्या चरबीत साठते, आणि कापताना ती फेकून द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल, बाजारात पक्षी वजनावर जातो, मग ताकदीचं खाद्य का नको? पहिले काही आठवडे पिल्लांना चांगलं खाद्य हवंच, तिथं हात आखडू नये. पण पुढं वाढीचा वेग जातच ठरवते, गोणी नव्हे. शिवाय गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं ते घट्ट मांसासाठी.

आता तूस. इथं दुसरा आक्षेप येतो: गावरान कोंबडी काटक, तिला कसली आलीय गादी? परसात दहा कोंबड्या दिवसभर फिरतात, त्यांची विष्ठा उन्हात वाळते. शेडमध्ये ती पायाखालीच साचते. ओल आणि ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोगे होतात. ओल्या विष्ठेतून अमोनिया उठतो, तळपायाला जखमा होतात, आणि थंडीत पातळ गादीवर बसलेला पक्षी खाल्लेला दाणा ऊब टिकवण्यातच जाळतो. गोणीतली ताकद अशी जमिनीत जिरते. उलटही घडतं. खाद्यात मिसळलेली सुकट खारट असेल तर पक्षी पाणी जास्त पितो, प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली तर ती विष्ठेतून बाहेर पडतात, आणि दोन्ही वेळा गादीच ओली होते.

कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताचं तूस सहज मिळतं. इतरत्र लाकडाचा जाडसर भुसा चालेल, अगदी बारीक नको, पिल्लं तो खातात. भुईमुगाची टरफलं बुरशी नसलेलीच घ्या. थर दोन-तीन इंच ठेवा, तो रोज खालीवर करा आणि पाण्याच्या भांड्याभोवतालचा ओला भाग लगेच काढून टाका. पारख अगदी सोपी आहे. मूठभर गादी घट्ट दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. झालाच नाही तर गादी कोरडी आणि धुळीची. होऊन अलगद फुटला तर ठीक. आणि शेडमध्ये उभ्यानं वास घेऊ नका. अमोनिया पक्ष्याच्या उंचीवर साचतो, म्हणून उद्या सकाळी उकिडवं बसून एक श्वास घ्या. डोळे झोंबले, तर नवी गोणी फोडण्याआधी तूस बदला.