बातमीतला रुपया



अर्थसंकल्पाची बातमी आली की एके काळी खेड्यात दोनच गोष्टी विचारल्या जात : काय महागले आणि काय स्वस्त झाले? विडी, साखर, रॉकेल एवढे ऐकून झाले की माणसे उठून आपापल्या कामाला लागत. कोटींचे आकडे मुंबई-दिल्लीचे, त्यांच्याशी आपल्याला काय करायचे, अशी एक समजूत होती.

२८ जून २०२४ रोजी मात्र महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातली एक बातमी थेट चुलीपर्यंत गेली. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना'. ज्यांच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, अशा स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. वयाची अट पुढे २१ ते ६५ अशी ठरली. राखीपौर्णिमेच्या तोंडावर, ऑगस्टातच, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये खात्यांत पडू लागले.

पारावर तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, 'फुकटाची सवय लागेल.' दुसरा म्हणे, 'आजवर कोणी दिले होते का?' मला विचाराल तर पहिल्या तटाचे बोलणे मला फारसे पटले नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारात एक ओळ नाही, जिची मजुरीसुद्धा पुष्कळदा घरधन्याच्या हातात पडते, तिच्या नावाने दर महिन्याला काही रक्कम यावी, मुलाच्या वहीसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, ही काही लहान गोष्ट नव्हे. पैसे कोणत्या मुहूर्तावर आले, हे न कळण्याइतक्या आपल्या आयाबहिणी भोळ्या नाहीत. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. प्रचारात १५०० चे २१०० करण्याचे वचन दिले गेले आणि वचन देणारी आघाडी मोठ्या बहुमताने परत आली. मतदान झाले, सरकार बसले, आणि मग आला हिशेब.

शिक्षक मंडळींना माझे सांगणे आहे की हा हिशेब सातवीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून पाहावा. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये ठेवले होते. बाईला वर्षाचे मिळतात १८ हजार. भागाकार करा. उत्तर येते बरोबर दोन कोटी. पण आरंभीच्या महिन्यांत पैसे घेणाऱ्या स्त्रियांचा आकडा अडीच कोटींच्या आसपास सांगितला जात होता. आता २१०० धरून गुणाकार करा : दोन कोटी स्त्रियांनाच वर्षाला ५० हजार ४०० कोटी लागतील. त्या अर्थसंकल्पात २१०० चा उल्लेख का आला नाही आणि नावे गळण्याच्या बातम्या पुढे का येऊ लागल्या, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाढे पुरतात. अटीत न बसणाऱ्यांची नावे काढायला माझी हरकत नाही. पण ती काढताना खरी गरजू बाई गाळणीतून खाली पडू नये, एवढेच.

आणि ती नेमकी यंत्रापाशी पडते. आपल्याकडे १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली. प्रौढ माणसाने अंगठा सोडून सही करावी, म्हणून मास्तर रात्री कंदील घेऊन वाड्यावस्त्यांवर गेले. 'निशाणी डावा अंगठा' ही लाजेची गोष्ट झाली. आणि आज पाहावे तर शिकलेल्या बाईलासुद्धा बँकेच्या केंद्रावर पुन्हा अंगठाच मागतात! बरे, तो तरी उमटावा? ऊस तोडून, भांडी घासून, शेणमातीत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा जुळत नाही. 'बाई, उद्या या.' उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस्टीचे भाडे. ज्या हातांनी जास्त काम केले तेच यंत्राला ओळखू येत नाहीत, हा अजब न्याय आहे. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता निघाली आहे. पण सोय निघणे वेगळे आणि ती आपल्या गावच्या केंद्रात असणे वेगळे.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे मोबाइलवरून ओळखीची पडताळणी, करायला सांगितली गेली. तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही हवा होता आणि दोन्हींसाठी मोबाइलवर आलेला ओटीपी. मग जिचा नवरा वारला आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय करावे? जिला नवऱ्याने टाकली तिने त्याच्याकडे ओटीपी मागायला जावे काय? ओरड झाल्यावर अशा बहिणींसाठी वेगळी तरतूद झाली, मुदतही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. ठीक झाले. पण कागद तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विधवा आणि परित्यक्ता आधीच कशा आल्या नाहीत, याचे मला नवल वाटते. गावात अशी घरे काय शोधावी लागतात?

फोनवरून पैसे देण्याघेण्याची युपीआयची रीत २०१६ साली सुरू झाली. आता भाजीवालीच्या पाटीवरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो. चांगली सोय आहे. सुट्या पैशांचा तंटा मिटला. मात्र पोस्टमन मनिऑर्डरीच्या नोटा मोजून हातावर ठेवी, तेव्हा चोराला निदान घरापर्यंत यावे तरी लागे. आता तो फोनवर येतो, 'ताई' म्हणतो, आणि 'हप्ता अडकला आहे, आकडा सांगा' म्हणतो.

तेव्हा एवढे ध्यानात असू द्या : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो की पोलिसांचा. आणि पैसे गेलेच, तर नशिबाला बोल लावत सकाळपर्यंत थांबू नका. त्याच घटकेला सरकारी मदत क्रमांकावर कळवा, कारण पुढे गेलेली रक्कम जितक्या लवकर अडवावी तितकी हाती लागण्याचा संभव अधिक. पेन्सिल जवळ असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य. १९३०.